माचू पिचू: किल्लारी भागातल्या माणसानं बघितलेल्या दगडी भिंती

मे महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको माचू पिचूला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात इंका लोकांनी डोंगरावर बांधलेलं जुनं दगडी गाव बघायला, जाऊन आलो. स्टेटसला फोटो टाकल्यापासून निम्मं लातूर फोन करून विचारायलंय की कसं गेलात, किती लागले, खरंच तेवढं भारी आहे का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांबलचक होणार आहे, ज्यांना फक्त तिकिटाचं बघायचंय त्यांनी मधला भिंतींचा भाग सोडला तरी चालेल, पण माझ्यासाठी खरी गोष्ट तीच आहे.

माझं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून जवळ. ३० सप्टेंबर १९९३ ला मी पंधरा वर्षांचा होतो. गणपती बुडवून लोक दमून झोपलेले आणि पहाटे चारच्या आत सगळं संपलं. आमची आज्जी गेली. भूकंपानं गेली असं म्हणतात, पण मी डोळ्यानं बघितलंय, आज्जी भिंतीखाली आणि माळवदाखाली, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छताखाली गेली. त्यानंतर मी बांधकामाच्या धंद्यात आलो, आज लातुरात छोटीमोठी कंत्राटं घेतो, पण गेल्या तीस-बत्तीस वर्षांत दगडी भिंतीच्या घरात मी एक रात्र नीट झोपलेलो नाही. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं कळणार नाही.

जायचं कसं ते आधी उरकतो. धाकटा भाऊ डलासला असतो, त्याच्याकडं गेलो होतो, तोच म्हणला दादा, इथपर्यंत आलाव तर पेरू बघूनच जा. आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा होता म्हणून पेरूचा वेगळा व्हिसा लागला नाही, ज्यांच्याकडं तसला व्हिसा नाही त्यांनी दिल्लीला पेरूच्या वकिलातीत चौकशी करावी. डलासवरनं लिमा साधारण सात तास, लिमावरनं कुस्कोला छोटं विमान सव्वा-दीड तास, मग कुस्कोवरनं गाडीनं ओयांताईताम्बो, तिथून रेल्वेनं पावणेदोन तासात आग्वास कालिएन्तेस हे पायथ्याचं गाव आणि तिथून बस. रेल्वे महाग आहे, आधीच सांगतो, पण उरुबांबा नदीच्या कडेकडेनं जाते आणि डब्याला वर पण काचा असतात, त्या पावणेदोन तासात आमच्या हिनं एकदा पण मोबाईल बघितला नाही.

कुस्को ३,४०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. पहिल्या दिवशी हॉटेलच्या दोन जिन्यात मला धाप लागली, डोकं ठणकायला लागलं, आणि हिला रात्रभर झोप नाही. तिथं सगळीकडं कोकाच्या पानांचा चहा देतात, त्यानं बरं वाटलं, पण तो चहा नाहीतर पानं भेट म्हणून इकडं आणायच्या भानगडीत अजिबात पडू नका, आपल्याकडं तो गुन्हा आहे. बीपी-शुगरवाल्यांनी निघायच्या आधी डॉक्टरला विचारून जावं आणि उतरल्या उतरल्या फिरायला पळू नये. माचू पिचू स्वतः २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा खाली, तिथं गेल्यावर उलट श्वास मोकळा होतो. आमच्या भावानं हे आधी सांगितलं असतं तर आम्ही विमानतळावरनं सरळ खाली ओयांताईताम्बोच्या बाजूला दरीत जाऊन दोन दिवस राहिलो असतो आणि कुस्को शेवटी बघितलं असतं. तुम्ही तसंच करा.

आता तिकीट. इथं लोक फसतात. २०२४ च्या जूनपासून आतमध्ये तीन सर्किट, म्हणजे फिरायचे ठरवून दिलेले मार्ग केलेत आणि त्यात मिळून दहा रस्ते, तुमच्या तिकिटावर जो रस्ता आहे त्याच्यावरनंच चालायचं, दुसरीकडं वळता येत नाही आणि मागं पण फिरता येत नाही. पहिलं सर्किट वरच्या अंगाचं, तिथून तो कॅलेंडरवरचा फोटो मिळतो पण गावात उतरता येत नाही. तिसरं खालच्या अंगाचं, गावात जाता येतं पण तो फोटो वरनं मिळत नाही. दुसऱ्यात दोन्ही मिळतं, म्हणून तेच सगळ्यात आधी संपतं. आमच्या डब्यात नागपूरचं एक जोडपं होतं, त्यांना एका एजंटनं "सगळं सेमच असतं" सांगून पहिलं सर्किट विकलेलं, बिचारे एवढ्या लांब येऊन गाव वरनंच बघून परत. परदेशी माणसाला साधं तिकीट १५२ सोल, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा आपले साडेतीन हजाराच्या आसपास, आणि मागं जो सुळका दिसतो त्या वायना पिचूवर चढायचं असेल तर २०० सोल. पेरू सरकारची वेबसाईट आहे तिच्यावरनं चार-पाच महिने आधी काढा, दिवसाला ४,५०० माणसं, गर्दीच्या ठरावीक दिवसांत ५,६०० पर्यंत सोडतात. तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर गेटवर जुळवून बघतात, त्यामुळं ओरिजिनल पासपोर्ट सोबत पाहिजेच, आणि नंबर टाकताना एकेक आकडा मोठ्यानं वाचून टाका.

बसचं भाडं जाऊन येऊन २४ डॉलर माणशी, अर्ध्या तासाच्या रस्त्याला हे लई झालं. पहाटे साडेपाचला पहिली बस निघते आणि आम्ही पावणेपाचला गेलो तर आमच्या पुढं रांग लागलेली. थंडी, रिमझिम, आणि रांगेत दीड तास. रांगेत म्हातारी माणसं उभी होती त्यांना बसायला साधं बाकडं नाही, एवढे पैसे घेतात तर एवढं तरी करायला पाहिजे. वर आत गेल्यावर संडास नाही, गेटच्या बाहेरच आहे, दोन सोल देऊन आधीच जाऊन या कारण एकदा आत गेलं की अडीच-तीन तास चालणं आणि बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत. हा नियम शुगरवाल्यांना आणि लेकरंवाल्यांना जाचक आहे, माझं स्पष्ट मत. मोठी सॅक, ट्रायपॉड, ड्रोन, एकदा वापरून फेकायची प्लास्टिकची बाटली, काही चालत नाही. काठी नेता येते पण खाली रबर पाहिजे. पायऱ्या उंचसखल, ओल्या झाल्या की निसरड्या, कठडे बहुतेक ठिकाणी नाहीत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं.

व्यवस्थेला मी पाचपैकी तीन देतो. जागेला किती द्यायचे ते तुम्हीच ठरवा, मी काय बघितलं ते सांगतो.

वर पोचलो तेव्हा काहीच दिसत नव्हतं, नुसतं पांढरं धुकं. हिला वाटलं गेले पैसे. गाईड म्हणला थांबा. वीस मिनिटं थांबलो आणि धुकं खालनं वर असं सरकत गेलं, आधी पायऱ्या पायऱ्यांची शेतं, मग भिंती, मग तो सुळका. कुणी बोलत नव्हतं. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई रडायली होती, कुठल्या देशाची होती देव जाणे.

सगळे फोटो काढायला पुढं पळाले आणि मी त्या शेताच्या बांधांपाशीच अडकलो. आपल्याकडं समतल चर, ताली, बांधबंदिस्ती ही कामं मी केलीत, बघितलीत, पहिल्या मोठ्या पावसात फुटलेली पण बघितलीत. इथं वर्षाला साधारण १,९५० मिलिमीटर पाऊस, लातूरला ७००-८००, आणि उतार असा की उभं राहवत नाही. साडेपाचशे-सहाशे वर्षं झाली आणि बांध जागेवर. गाईडनं आतली रचना सांगितली ती ऐकून मी त्याला दोनदा परत सांगायला लावली. प्रत्येक पायरीत सगळ्यात खाली मोठे दगड, म्हणजे आपलं सोलिंग, त्यावर खडी, त्यावर वाळू आणि सगळ्यात वर शेताची माती, त्यामुळं पाणी साठतच नाही, झिरपून निघून जातं आणि भिंतीवर दाब येत नाही. आपल्याकडं कंपाऊंड वॉल कशानं पडते? मागं पाणी तुंबतं म्हणून पडते. विप होल, म्हणजे भिंतीतनं पाणी बाहेर जायला भोक, ठेवायचं जिवावर येतं लोकांच्या. तिथं पाणी काढून द्यायला १३० च्या आसपास जागा सापडल्यात. केनेथ राईट नावाचे अमेरिकन पाण्याचे इंजिनिअर होते, त्यांनी हे सगळं मोजलं, आणि त्यांचा अंदाज असा की माचू पिचूच्या एकूण कामातलं ६० टक्के काम जमिनीखाली आहे, पाया आणि पाणी काढायची व्यवस्था. मधलं मोठं पटांगण दिसतंय ना फोटोत, हिरवंगार, त्याच्या खाली दगड घडताना पडलेल्या कपच्या भरल्यात, म्हणजे वेस्टेज पण ड्रेनेजला वापरलं. मी आतापर्यंत किती कपच्या ट्रॅक्टर लावून फेकून दिल्या असतील.

प्यायचं पाणी वेगळं आणि सांडपाणी वेगळं. डोंगराच्या अंगावरच्या झऱ्यावरनं ७४९ मीटर लांबीचा दगडी पाट काढून गावात आणलाय, इतका हलका ढाळ की पाणी उड्या पण मारत नाही आणि थांबत पण नाही, आणि मग एकाखाली एक अशी १६ कारंजी, कारंजी म्हणजे आपण म्हणतो तशी वर उडणारी नाही, पडत्या धारेची. पहिली धार राजवाड्याजवळ आणि मग खाली बाकीच्यांना. त्यातल्या काहीत आज पण पाणी वाहतंय. २०१६ ला आम्ही मिरजेवरनं रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं, आमची ही त्या धारेपाशी उभी राहिली ती हलेचना. पाण्याला हात लावायची परवानगी नाही, मागनं गार्डनं शिट्टी मारली तेव्हा पुढं निघालो.

आता भिंती.

फोटोत दाखवतात त्या देवळांच्या भिंती, घासून घासून बसवलेला ग्रॅनाईट, चुना नाही, माती नाही, सांधा दिसत पण नाही, ते काम तर अप्रतिमच. लोखंड नव्हतं त्यांच्याकडं, चाकाची गाडी नव्हती, लिहायची लिपी नव्हती, दोऱ्याच्या गाठी मारून हिशोब ठेवायचे. दगडानं दगड घडवलाय. आपलं वेरूळचं कैलास अख्खा कातळ वरनं खाली कोरत आणलेलं आणि हे एकेक दगड घडून जोडलेलं, दोन्हीत कोण मोठं हा वाद मला घालायचा नाही, दोन्ही जागी माझी मान खाली गेली. खाण पण गावातच आहे, अर्धवट घडलेले दगड तसेच पडलेत, असं वाटतं गवंडी जेवायला गेलेत. रुआल्दो मेनेगात नावाचे ब्राझीलचे भूगर्भशास्त्रज्ञ आहेत त्यांनी २०१९ ला मांडलं की हे गाव मुद्दाम अशा जागी वसवलंय जिथं जमिनीतल्या भेगा एकमेकींना छेदतात, कारण तिथं दगड आधीच फुटलेला मिळतो आणि पावसाचं पाणी पण त्या भेगांमधून निघून जातं. भेगांवर गाव! आम्हाला तर हे ऐकूनच घाम फुटतो.

पण मी थांबलो ते साध्या लोकांच्या घरांपाशी. कारण ती घरं देवळासारखी नाहीत. ती ओबडधोबड दगडाची आहेत आणि मधी मातीचा गारा आहे. आमच्या गावात होती तशीच, दगड आणि माती. आणि ती उभी आहेत.

मी गाईडला म्हणलं, बाबा मला घाई नाही, मला हे समजून सांग. भाषा निम्मी कळत होती, पण भिंत समोर होती. पहिली गोष्ट, भिंत सरळ उभी नाही, वर जाताना आतल्या बाजूला कललेली आहे, खाली रुंद आणि वर अरुंद. दरवाजे, खिडक्या, कोनाडे सगळे खाली रुंद वर निमुळते, त्यामुळं वरचा आडवा दगड लहान आणि भार दोन्ही अंगाला. कोपऱ्याला दगड असे एकाआड एक गुंफलेत की दोन भिंती एकमेकींना सोडतच नाहीत. आणि वरचं छप्पर लाकूड आणि गवताचं, हलकं. भिंतीतनं बाहेर आलेल्या दगडाच्या खुंट्या आहेत आणि भोक पाडलेले दगड आहेत, त्यांना दोऱ्यांनी छप्पर बांधून टाकायचे.

आमच्याकडं काय होतं? काळ्या दगडाच्या दोन-अडीच फुटी भिंती, गोल गोटे जास्त, बाहेरचा थर वेगळा आणि आतला थर वेगळा, दोघांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठंच नाही, मधी नुसती माती आणि बारीक दगडं भरलेली, आणि वर तुळया, किलचण म्हणजे तुळयांवरचं लाकडी आच्छादन, आणि त्यावर फूट-दीड फूट माती. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या आधी गळू नये म्हणून वर आणखी थोडी माती. आमच्या आज्जीनंच पाट्या भरून दिल्यात, मी वर नेऊन टाकलीय. भूकंपानंतर गावोगाव इंजिनिअर आले, त्यांनी शिकवलं की आरपार दगड घाला, कोपरे बांधा, सगळ्या भिंतींना एकत्र धरणारा पट्टा घ्या, वरचं वजन कमी करा. तेव्हा ते आम्हाला नवीन वाटलं होतं. आणि इथं १४५० च्या आसपास राजा पाचाकुतीच्या काळात लोक हे करून बसलेले.

सगळंच बिनचूक आहे असं पण नाही. मुख्य देऊळ म्हणतात त्याच्या मागच्या भिंतीचा उजवा कोपरा खचलाय, दगड सुटलेत. गाईड म्हणला भिंतीचा दोष नाही, खालची जमीन बसली. म्हणजे एवढ्या पक्क्या माणसांचा पण एका जागी पाया हलला. मला ते बघून उगीच बरं वाटलं, माणसंच होती ती.

एका भिंतीला हात लावायची लई इच्छा झाली होती. लावला नाही. दिवसाला हजारो हात लागले तर काय राहील. २००० साली एका बिअरच्या जाहिरातीच्या शूटिंगला क्रेन पडून इंतीवाताना नावाच्या त्यांच्या पवित्र दगडाचा टवका उडालाय, तो दगड आम्हाला लांबनंच बघायला मिळाला आणि ते योग्यच आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. हायराम बिंगहॅम या अमेरिकन माणसानं २४ जुलै १९११ ला हे "शोधून काढलं" असं सगळीकडं सांगतात, बस वर जाते तो रस्ता पण त्याच्याच नावाचा. पण तो आला तेव्हा तिथं दोन शेतकरी कुटुंबं त्याच पायऱ्यांवर शेती करून राहत होती, त्यांच्यातल्याच एका पोरानं त्याला आत फिरवून दाखवलं, आणि त्याच्याही आधी १९०२ ला आगुस्तीन लिसारागा नावाच्या तिथल्याच शेतकऱ्यानं भिंतीवर आपलं नाव लिहून ठेवलेलं. मग शोधलं कुणी? बिंगहॅमनं नेलेल्या वस्तू येल विद्यापीठात शंभर वर्षं होत्या, २०११-१२ मध्ये परत आल्या, आता कुस्कोत कासा कोंचा नावाच्या जुन्या वाड्यात बघायला मिळतात. गर्दी नसते, दोन तास काढून नक्की जा. नावाचं पण सांगतो, तिथली माणसं "माचू पिक्चू" म्हणतात, क स्पष्ट. जुनं शिखर असा अर्थ.

जेवणाची भीती बाळगू नका. आमची ही पक्की शाकाहारी, त्यात एक दिवस संकष्टी आली. कुस्कोच्या सान पेद्रो मार्केटमध्ये गेलो तर बटाटे किती रंगाचे, जांभळे, काळे, पिवळे, शेजारी रताळी, शेंगदाणे, आणि एका बाईकडं पोत्यात लाह्या. ही म्हणली अहो, हा राजगिरा! किविचा म्हणतात त्याला तिकडं, आपल्या राजगिऱ्याचाच भाऊबंद, मध घालून वड्या पण मिळतात. भावाला फोन केला तर तो म्हणला वहिनी, बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा ज्याचा करतात तो कंद, सगळं मूळचं अमेरिकेच्या दोन खंडांतलं. म्हणजे आपल्या उपासाच्या ताटातलं निम्मं सामान तिकडनं आलेलं. हिनं त्या बाईला खुणेनं सांगितलं की आमच्यात हे देवाच्या दिवशी खातात. बाई हसली, मूठभर जास्त घातल्या. आम्ही गाईडकडनं शिकलेलं "सुल्पायकी" म्हणलो, त्यांच्या केचुआ भाषेत आभार. पायथ्याच्या गावात मात्र जपून, एका हॉटेलात बिलात सेवाकर म्हणून न सांगता जास्तीचे पैसे लावले होते, आधी मेनूवरचा भाव आणि वरचा खर्च विचारून बसा.

कुस्कोत कोरिकांचा चुकवू नका. इंकांचं सूर्यमंदिर, स्पॅनिश लोकांनी ते पाडून त्याच्याच भिंतींवर चर्च बांधलं. १९५० ला मोठा भूकंप झाला, वरचं चर्चचं बांधकाम बरंच ढासळलं आणि खालच्या इंकांच्या भिंती जागेवर राहिल्या. मी तिथं बराच वेळ बसलो. ही काही बोलली नाही, शेजारी बसून राहिली.

रात्री आठ वाजता हॉटेलवरनं आईला व्हिडिओ कॉल लावला, आपल्याकडं सकाळचे साडेसहा. आई गावाकडंच असते, भूकंपानंतर मिळालेल्या घरापुढं तिनं पत्र्याचं शेड मारून घेतलंय, उन्हाळा असो पाऊस असो, तिथंच झोपते. तिला त्या साध्या घरांचे फोटो दाखवले, म्हणलं बघ आई, आपल्यासारखीच दगड-मातीची हाएत, तिथं पण भुई हलते, तरी पडली नाहीत. तिनं मोबाईल डोळ्याजवळ नेला, लई वेळ बघितलं.

"वर काय घालत होते रं?"

"गवत. लाकडाचं आडं आणि वर गवत."

"माती नाही?"

"नाही."

"मग झोप लागत असंल त्यांना," म्हणली, आणि मग लगेच, "तुम्ही कवा यायलाव, मिरग तोंडावर आलाय, बियाणं आणायचंय."